गोदामाच्या पत्र्याचा रंग

"फोडू नको! अरे गाढवा, तो फुगा फोडू नको!" दादा बोळाच्या तोंडापासून ओरडत धावत आला, पण तोवर माझा स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला होता.

फुगा रंगाचा. आमच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर, रंगाच्या कातडीआड पाणी साचून वर आलेला, चांगला फणसाएवढा. फुटला तशी पिचकारी बोळ ओलांडून समोरच्या कापड विणणाऱ्या लूमच्या शेडच्या दारावर गेली आणि तिथला कारागीर लुंगी सावरत उडाला. दादा म्हणतो, पिचकारी कसली, कारागिराच्या चपलेवर चार थेंब पडले. दादाला पाण्याचा अंदाज कधीच नव्हता, नाहीतर हा रंग त्याने घरात आणलाच नसता.

आमचं घर विटांचं, पण जोडकाम मातीचं. जमीन खाडीकडची, त्यामुळे भिंती खालून पाणी पितात. दर दिवाळीआधी आम्ही बाहेरून चुना मारायचो. चुन्यातून ओल निघून जायची, भिंतीतलं मीठ वर येऊन थोडा पांढरा लोणा फुलायचा, आई खराट्याने झाडून टाकायची, संपलं. दादाला त्याचा कंटाळा आला. "दरवर्षी काय चुना लावून घ्यायचा?" म्हणाला, आणि राहनाळ गावात गोदामांच्या पत्र्यांवर मारतात तो रबरासारखा रंग पिंपांनी घेऊन आला. रंगाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, "बाहर का पानी बाहर, अंदर का अंदर." आम्ही सगळे माना डोलावत होतो. चारही भिंती अशा चकाकल्या की धामणकर नाक्यावरचे रिक्षावाले त्यात बघून भांग पाडतील.

पत्रा पाणी पीत नाही, वीट पिते, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. तहानलेल्या माणसाला पाणी पाजत राहावं आणि वर रेनकोट घालून शिवून टाकावं, तसं आम्ही त्या भिंतीचं केलं. पहिल्या पावसाळ्यानंतर फोड आले. दादाने त्यांच्यावर आणखी एक हात मारला. पुन्हा आले, पुन्हा मारला. तिसऱ्या हातानंतर भिंत गप्प झाली. दादा खूश. मला ते गप्प राहणं आवडलं नाही, म्हणून हा फणस वर आला तसा मी स्क्रू-ड्रायव्हर काढला.

आणि आईची खाट आतून नेमकी त्याच भिंतीला लागून होती.

फुगा फुटलेल्या भोकात मी बोट घातलं. वीट लागेल असं वाटलं होतं. लागला गार, मऊ लगदा. बोट आत गेलं, मग पंजा गेला, आणि तरी कडक असं काही हाताला येईना. माझा हात मनगटापर्यंत आमच्या घरात होता. दादाने ते पाहिलं आणि त्याचं ओरडणं एकदम थांबलं.

आत गेलो. आईने खाटेमागे ग्रे कापडाचा, म्हणजे लूमवरून उतरलेल्या न धुतलेल्या कापडाचा पडदा लावला होता, ओल अंगाला लागू नये म्हणून. तो ओढला. गिलाव्याला पोट आलं होतं, खाटेच्या बरोबर वर.

"आये, ऊठ. खाट हलवतो," दादा म्हणाला.

"मी न्हाय उठायची. इथं लूम अंगात वाजतात, मना झोप लागते. तिकडं काय हाय?"

"भिंत पडंल तुझ्यावर!"

"तूच तर म्हणालेलास, हा रंग मारला की वीस वर्षं भिंतीकडं बघायला नको."

दादा खाटेचा पाय धरून, आई खाटेची पाटी धरून. दोघंही सारखेच हट्टी. खाट तसूभर हलेना. मी आईला उचलायला वाकलो, तर माझ्या पाठीत असा धपाटा घातला की माझा मणका अजून त्या दिवसाची आठवण काढतो.

तेवढ्यात लूम थांबले. शुक्रवार होता, दुपारच्या नमाजाला समोरची शेड बंद होते. रोजच्या खडखडाटाची सवय असलेल्या आमच्या कानांत ती शांतता दगडासारखी पडली. आणि त्या शांततेत आम्हाला ते ऐकू आलं. भिंतीच्या आत, खूप हळू, काहीतरी घसरत होतं. सर्रर्र. थांबायचं. पुन्हा सर्रर्र. सुपातून कुणी कणी खाली ओतावी तसं.

आईने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. पाटी सोडली. उठली, उशी बगलेत मारली आणि चुलीकडे जाऊन उभी राहिली.

नमाज सुटला. समोर पहिला लूम सुरू झाला, मग दुसरा, मग सगळी शेड. पायाखालची फरशी थरथरली आणि भिंत आत बसली. पडली नाही, बसली. दमलेली बाई बसते तशी, थेट खाटेवर. खाटेचे पाय चारी दिशांना गेले. छप्पर लाकडी खांबांवर होतं म्हणून डोक्यावर राहिलं. धूळसुद्धा उडाली नाही. ओल्या मातीला कुठली धूळ!

पण रंग तसाच. खांबापासून खांबापर्यंत ताणलेला, नवाकोरा, मागे एक वीट नसताना उभा. बोळातून जाणाऱ्याला घर ठणठणीत वाटलं असतं. फक्त माझ्या भोकातून उन्हाचा एक कवडसा आत येत होता आणि खाटेच्या जागी पडलेल्या ढिगावर थरथरत होता.

दादाने खाटेचा एक तुटका पाय उचलला. मग बारीक आवाजात म्हणाला, "आये, नवी खाट कुठल्या भिंतीला लावू?"

"कुठल्या बी लाव," आई म्हणाली. "रंग सगळ्यांना एकच मारलाय ना?"