चौदा नंबरच्या पेटीतला अर्ज

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, दार-खिडक्या लावून — इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरच्या ऐन जुलैत.

मी इथे इतिहास शिकवते. माझं नाव झालं ते दगडांच्या भांडणावर. हसू नका. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांना चीनच्या किनाऱ्यावर जहाजांसाठी गोद्या बांधायच्या होत्या, त्यासाठी तिथल्या डोंगराचा दगड हवा होता. चिनी अधिकाऱ्याने अचानक दगड न्यायला बंदी घातली. खलिते गेले-आले, गनबोटींच्या धमक्या झाल्या. त्या अधिकाऱ्याला लाच हवी होती, असं इंग्रजांच्या तिथल्या वकिलाने, कॉन्सलने, वर कळवलं. माझा प्रबंधही तेच म्हणतो. फार ठासून म्हणतो.

जुन्या कागदपत्रांच्या वाचनालयात नियम कडक असतात. फक्त पेन्सिल, आणि एका वेळी एकच पेटी. का? कारण भलत्या पेटीत गेलेला कागद हरवल्यातच जमा. तो शोधायचा कुठे?

प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते. व्हिसा संपत आला होता. तेव्हा चौदा नंबरच्या पेटीत एक अर्ज निघाला — गावकऱ्यांचा, कॉन्सलसाठी इंग्रजीत उतरवलेला. सुरुंगांनी डोंगर खचला, खालच्या वस्तीतली माणसं गाडली गेली, दगड काढणं थांबवा. समासात कॉन्सलची सही. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं! अधिकारी फक्त आपल्या लोकांना वाचवत होता. आणि मी त्याला लाचखोर ठरवून मोकळी झाले होते.

पेटी परत करताना तो कागद माझ्या वहीखाली राहिला. राहिला? — नाही. मी ठेवला. पुढची पेटी आली, तिच्यात सरकवला.

तेव्हापासून त्या वाचनालयाचा ईमेल आला की मी तो दिवसभर उघडत नाही. इतकी वर्षं झाली, भीती जराही जुनी होत नाही.

गेल्या वर्षी मुग्धा माझ्या केबिनमध्ये आली. नागपूरची, माझ्याच हाताखाली पीएचडी करतेय. त्या अधिकाऱ्यावरच.

"ताई, यादीत एक अर्ज दिसतोय, पण बॉक्समध्ये नाहीये. माझं सगळं आर्ग्युमेंट त्याच्यावर आहे. तुम्ही बघितला होता का?"

"अगं, यादीतच मिस्टेक असेल. सोडून दे."

किती सहज निघालं तोंडातून! तिने माझ्यासमोर पेन्सिलीने आपल्या कच्च्या खर्ड्यातल्या त्या प्रकरणावर काट मारली आणि वर थँक्स म्हणाली. पहिल्या वेळी मी घाबरले होते, असं म्हणता येईल. या वेळी? या वेळीही घाबरलेच होते. पण समोर ती बसली होती ना.

परवा तिचा डिफेन्स आहे, पीएचडीची तोंडी परीक्षा. त्या अधिकाऱ्याने लाच घेतली असावी, असं आता तिनेही लिहिलंय. खाली संदर्भ माझा आहे.

अर्ज एकोणीस नंबरच्या पेटीत आहे, जहाजदुरुस्तीच्या कागदांत, अगदी तळाशी. तो मी ठेवलाय.