उजव्या अंगठ्याची अट

त्या कारकुनाचा मला अजून संताप येतो. एव्हाना मेला असेल, तरी येतो.

आरामशिनीवर सागाचं लाकूड लोटताना माझी बाही पात्यात अडकली आणि उजवा पंजा गेला. शेजारी फळ्या उचलणाऱ्या गोंड बाईने मला मागे ओढलं म्हणून जीव वाचला. त्या झटापटीत तिचाही उजवा हात मनगटापासून गेला. ती विधवा होती, पदरात दोन लेकरं.

वर्षभराने चांद्याला अपंगांसाठी सरकारी शिवणवर्ग निघाला. मशीन पायाने चालवायची, उरल्या हाताने कापड सरकवायचं. शिकून झालं की मशीन घरी मिळणार होती. आम्ही दोघं एकाच बसने गेलो.

मी चौथी पास, पण डाव्या हाताने लिहायची सवय नव्हती. कारकुनाने माझा डावा अंगठा घेतला आणि "बसा भाऊ" म्हणाला. मग तिच्याकडे वळला.

"तुले कायले पाह्यजे शिवणकाम? तुमच्या लुगड्याले शिलाई लागते का?"

सगळे हसले. मीही हसलो, निर्लज्जासारखा.

"पाय धड हायेत ना, बाबू," ती म्हणाली. "मशीन पायानंच चालते."

तेव्हा त्याने नियम काढला. पुरुषाचा डावा अंगठा, बाईचा उजवा. तिने पदराखालचं थोटूक टेबलावर ठेवलं आणि डावा अंगठा शाईत बुडवला. त्याने कागद मागे ओढला. माझ्या आधी डावा हात गेलेला एक माणूस आला होता. त्याचा उजवा अंगठा याच गृहस्थाने मुकाट घेतला होता.

"जा, जंगल हाय तुमचं. मोहफुलं वेचाले एक हात पुरते."

ती माझ्याकडे वळली. "भाऊ, तू सांग न याले, माहा हात कसा गेला ते."

मी तोंड उघडायच्या आत कारकुनाने तिच्या अर्जावर काहीतरी खरडून कागद माझ्यापुढे सरकवला. 'अर्जदार बाई स्वखुशीने परत जात आहे.'

"साक्षीदार म्हणून सही करा. अंगठा नाई चालत. मंग तुमची जागा पक्की करतो."

मी डाव्या हातात टाक धरला. अक्षरं वाकडी आली, पण नाव वाचता येत होतं. तिला वाचता येत नव्हतं.

"लिवलं का भाऊ, मले घ्या म्हून?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो.