ॲसिड आणि कॉस्टिकचं मीठ

बी.एस्सी. झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती मरोळच्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात. लोखंडी बिजागऱ्या आणि कड्यांना तिथे जस्ताचा मुलामा द्यायचे. माल आधी कॉस्टिकच्या, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्याच्या टाकीत बुडवायचा, म्हणजे त्यावरचं तेल निघतं. मग पाण्यात. मग ॲसिडच्या टाकीत, म्हणजे गंज निघतो. या टाक्यांमधलं थोडं थोडं द्रावण रोज आणून त्याचा जोर तपासायचा, हे माझं काम. माझ्यावर एक मॅडम होत्या. मरोळच्याच जुन्या गावठाणातल्या, ख्रिश्चन घरातल्या. कारखान्याची लॅब वर्षानुवर्षं त्याच सांभाळत होत्या. बोलायला एकदम सडेतोड.

तपासणीची रीत मी कॉलेजात शंभरदा केलेली. फ्लास्कमध्ये ॲसिड घ्यायचं, रंग दाखवणाऱ्या द्रावणाचा थेंब टाकायचा आणि वरून कॉस्टिक थेंब थेंब सोडायचं. बराच वेळ काहीच होत नाही. मग एका थेंबाला सगळं पाणी फिकट गुलाबी. ॲसिड संपलं. कॉलेजात आम्ही आकडा लिहून मोकळे व्हायचो. ते संपलं म्हणजे गेलं कुठे, हे कधी डोक्यात आलंच नव्हतं.

एका दुपारी ॲसिडच्या टाकीतलं द्रावण बाटलीतून ओतताना हात हलला आणि मनगटावर सांडलं. चरचरायला लागलं. समोर कॉस्टिकची बाटली होती. ॲसिडवर कॉस्टिक, हिशोब सोपा! मी बाटलीचं बूच काढलं तेवढ्यात मॅडमनी मागून माझा हात धरला आणि खेचत बेसिनपाशी नेला.

"कॉस्टिक ओतत होतीस हातावर? वेड लागलंय का गं तुला?"

"मॅडम, ॲसिड मारायला..."

"नळाखाली धर. आणि मी सांगेपर्यंत काढू नको."

हात पार बधिर झाला तरी त्या नळ बंद करू देईनात. शेवटी सोडला तेव्हा मनगटावर लाल चट्टा होता, पण फोड नव्हता. चूक झाली हे कळलं होतं, पण का चूक ते कळत नव्हतं. पुस्तकात तर सरळ लिहिलेलं असतं, दोन्ही एकमेकांना निकामी करतात.

मॅडमनी माझा चेहरा बघितला असावा. चहा झाल्यावर त्यांनी हातमोजे चढवले, मलाही दिले, काचेच्या भांड्यात ॲसिड घेतलं आणि कांडीने ढवळत त्यात कॉस्टिक सोडायला लागल्या.

"आता बाहेरून हात लाव."

मी बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. खाली ना शेगडी, ना काही. भांडं तापलं होतं.

"ही दोघं भेटली की उष्णता निघते. ती तुझ्या कातडीवर निघाली असती. शिवाय ॲसिड किती सांडलं, हे तू मोजलं होतंस? कॉस्टिक जरा जास्त पडलं, तर उरलेलं कॉस्टिक भाजणार. ते तर आणखी आत शिरतं."

"पण मॅडम, ती दोघं मग जातात कुठे?"

त्या हसल्या. "बघायचंय?"

संध्याकाळी काम आटपल्यावर आम्ही टाकीतलं नव्हे, लॅबमधलं स्वच्छ हायड्रोक्लोरिक ॲसिड घेतलं. आधी रंगाचा थेंब टाकून किती कॉस्टिक लागतं ते पाहिलं. मग तेवढंच ॲसिड, तेवढंच कॉस्टिक, पण रंगाशिवाय. साधं पाणी दिसत होतं. ते पसरट बशीत ओतून, वर जाळी ठेवून मी खिडकीपाशी ठेवलं.

रोज सकाळी आल्या आल्या मी आधी बशी बघायची. पाणी खाली जात होतं, बाकी काही नाही. कांदिवलीला घरी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "पगार बशीकडे बघण्याचा देतात होय गं?" तरी जेवताना रोज विचारायचीच, आज काय झालं म्हणून.

एका सोमवारी बशी कोरडी झालेली होती. तळाला पांढरे कण. मी भिंग धरलं. एकेक कण चौकोनी, कोपरे नीट कापल्यासारखे, आणि काहींच्या आत आणखी छोटा चौकोन. मी ओरडलेच, "मॅडम, मीठ!"

मॅडम आल्या, चष्मा डोक्यावर सरकवला आणि भिंगावर वाकल्या. बराच वेळ उठल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं थेंब मोजतेय. हे मात्र कॉलेजनंतर आज बघतेय."

"चाखू?"

"खबरदार! लॅबमधलं काही तोंडात घालायचं नाही."

मी बशीकडे नेलेलं बोट मागे घेतलं. मग विचारलं, "आपण दुसरं ॲसिड घेतलं असतं, तर कण वेगळे आले असते?"

मॅडमनी मान वर न करताच हात पुढे केला. "दुसरी बशी आण."