डेनिस कोलगनचा सुटलेला झेल

डेनिस कोलगन आमच्या घरामागच्या कुरणात मेला, त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. आयर्लंडमधल्या ड्रोहेडातलं हे घर दाखवताना एजंटाने मात्र त्याचं नावही काढलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्या नोराने पहिल्याच आठवड्यात कुंपणावरून सगळं सांगून टाकलं. डेनिस तिच्या आजीचा काका.

तो लहानपणीच आईबापांबरोबर अमेरिकेला गेला. बुटांच्या कारखान्यात लागला. सुटीत बेसबॉल खेळायचा आणि वाऱ्यासारखा पळायचा, म्हणून एका क्लबाने त्याला चक्क पगारावर ठेवला. खेळायचे पैसे मिळतात याचंच तेव्हा लोकांना नवल. त्याची जागा लेफ्ट फील्ड, म्हणजे क्रिकेटमधल्या सीमारेषेजवळ असते तशी लांबची. हातमोजे नव्हतेच; उंच उडालेला चेंडू उघड्या तळव्यांत घ्यायचा. बोटं मोडायची, वाकडी जुळायची, की गडी पुन्हा मैदानात. मी डॉक्टर आहे, तरी नोराकडच्या फोटोतले ते हात बघून माझ्या अंगावर काटा आला.

मग एका मोठ्या सामन्यात शेवटचा सोपा झेल त्याच्या हातून सुटला. "ऊन डोळ्यांत गेलं," तो म्हणाला. त्या काळी सट्टेवाले खेळाडू फोडायचे. क्लबाने ठरवलं, यानेही पैसे खाल्ले. हाकलून दिलं. तो इथे परतला, मेंढ्या राखल्या, लग्न केलं नाही, आणि मरेपर्यंत भेटेल त्याला ते ऊन सांगत राहिला. सख्ख्या बहिणीनेसुद्धा विश्वास ठेवला नाही.

"अजून दिसतो कुरणात," नोरा म्हणाली, "पण ग्रँड आहे, त्रास नाही देत." इथे ग्रँड म्हणजे ठीक.

मी हसले. नंतर माझ्या सासऱ्यांना, गुरुनाथबाबांना, हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. ते २०२० च्या मार्चमध्ये महिनाभरासाठी आले आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकून पडले. सप्टेंबरात पुण्यात त्यांचे धाकटे भाऊ सुभाषकाका कोविडने गेले. पालिकेच्या लोकांनी परस्पर अग्नी दिला. काकांचा मुलगा स्वतःच इस्पितळात; दहावा करणार कोण? बाबांनी तो इथेच, मागच्या कुरणात करायचा ठरवला.

मी भात शिजवून दिला, त्यांनी पिंड ठेवला. कावळ्यांना ड्रोहेडात तोटा नाही, पण एकही शिवेना. मेलेल्याची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही म्हणतात. बाबांनी हात जोडले. "सुभाष, वसुधाला अंतर देणार नाही," ते काकूंचं नाव घेऊन म्हणाले. कावळे ढिम्म. "पोराचं मी बघीन." तरी ढिम्म. मला ड्यूटीवर जायचं होतं, चिडचिड होत होती, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती.

"कुरण डेनिसचं आहे," कुंपणापलीकडून नोरा म्हणाली. "घरधन्याला न विचारता पाहुण्याला वाढताय होय?"

ती थट्टा करत होती. मी बाबांना मराठीत सांगितलं, तर त्यांनी शांतपणे दुसरा पिंड वळला. गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणतात, तसं म्हटलं, आणि मराठीतच बोलायला लागले. "डेनिस, मीही बँकेच्या संघातून सीमारेषेवर उभा राहिलोय. ऊन डोळ्यांत गेलं की चेंडू दिसत नाही. तू पैसे खाल्ले नाहीस. माझा विश्वास आहे."

बोलणं संपायच्या आत कावळा उतरला आणि घास घेऊन गेला. नोराने छातीवर क्रूसाची खूण केली.

सुभाषकाकांचा पिंड शेजारीच होता. त्याच्याकडे एकाही कावळ्याने मान वळवली नाही.

बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "बाबा, दर्भाचा कावळा करून शिववतात ना? मी इथल्या गवताचा करते." केलाही. त्यांनी तो हातात घेतला नाही.

"त्याला काय हवं होतं ते मला ठाऊक आहे, निवेदिता," ते म्हणाले. "शेवटच्या फोनवर म्हणाला, 'दादा, तू ये.' मी म्हटलं, 'हा निघालोच.' विमानं बंद आहेत, हे त्यालाही माहीत होतं गं. आता मेलेल्यालाही पुन्हा 'येतो' म्हणू?"