ताईच्या गोळ्याचे बैल

ताई गेल्यावर तिच्या कामाच्या बहुतेक वस्तू दोन महिन्यांत इकडेतिकडे गेल्या. केकचे साचे शेजारच्या बाई घेऊन गेल्या, केक ठेवायचं फिरतं ताट तिच्या जावेने मागितलं, रंगांच्या बाटल्या मुदत संपली म्हणून भाऊजींनी टाकून दिल्या. राहिला एक स्टीलचा डबा. तो माझ्या भाचीने आपल्या वह्या-पुस्तकांच्या कपाटात नेऊन ठेवला होता. त्याला कुणी हात लावलेला तिला चालत नसे. डब्यात पातळ प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेला फॉन्डंटचा पांढरा गोळा होता, मोसंबीएवढा. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी ताईने तो मळून ठेवला होता.

फॉन्डंट म्हणजे साखरेची कणीक, एवढंच मला ठाऊक होतं. ताई अकोल्याला घरीच केक करायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत आसपासची आठ-दहा मुलं जेवणाच्या टेबलाभोवती बसवून ती त्यांना केकवरची जनावरं करायला शिकवायची. हत्ती, ससा, कासव. आधी अंगाचा गोळा, मग पायांच्या चार लोळ्या, मग डोकं, कान. डोळे सगळ्यात शेवटी, काळ्या तिळाचे. "डोळे लावले की ते आपल्याकडे पाहायला लागतं," ती मुलांना सांगायची. "मग चूक दुरुस्त करायला हात धजत नाही. म्हणून जे काय बदलायचं ते आधी बदला."

हे वाक्य माझ्या लक्षात आहे, कारण ते ऐकून मी पुस्तकातून मान वर केली होती. एरवी करत नसे. मी अमरावतीला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. दर उन्हाळ्यात आठवडाभर ताईकडे यायचे आणि तो वर्ग चालू असताना खिडकीजवळच्या खुर्चीत वाचत बसायचे. "ये ना गं, एक कासव तरी कर," ती म्हणायची. मी म्हणायचे, हे एवढं प्रकरण संपवते आणि येते. ती हसायची. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

ती चैत्रात गेली. भाचीचा आठवा वाढदिवस यंदा पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी आला. भाऊजींनी सांगून टाकलं होतं, वर्षभर घरात सण नाही, वाढदिवसही नाही. भाचीने हट्ट केला नाही. मला फोनवर तिने फक्त विचारलं, "मावशी, गोळा वाळून जाईल का?"

मी म्हटलं, "केव्हातरी वाळेलच."

ती म्हणाली, "मग तू ये. मले त्याचे बैल करायचे आहेत. केक नसला तरी चालेल."

मी पोळ्याच्या सकाळी पोचले, तर तिचे आजोबा, म्हणजे भाऊजींचे वडील आबा, माझ्या आधीच आलेले. बाळापूरजवळच्या खेड्यात त्यांची भाजीची शेती आहे. दर पोळ्याला ते शेतातली काळी माती पिशवीत घालून आणतात आणि या फ्लॅटमध्ये पूजेसाठी बैलांची जोडी करून देतात. यंदाही आणली होती. भाऊजींनी वर्षभराच्या सुतकाचं काढलं, तेव्हा आबा पिशवी सोडता सोडता म्हणाले, "मानसाले सुतक अस्ते बाप्पा, बैलाले कायचं?" दुपारी भाऊजी बाहेर गेले आणि येताना एक साधा केक घेऊन आले, वर काहीही नसलेला. फ्रिजमध्ये ठेवला आणि आपल्या खोलीत जाऊन बसले.

मातीच्या बैलांची पूजा झाली. ओटा पुसून आम्ही टेबलाशी बसलो. मी, भाची, तिचा पाच वर्षांचा भाऊ आणि समोर आबा. भाचीने डबा आणला. प्लास्टिक तिने एकेक पदर करत उलगडलं. गोळा बाहेर आला तेव्हा त्याच्या वरच्या बाजूला एक खळगा दिसला. मळून झालं की ताई अंगठा दाबून पाहायची, मऊ झालंय का ते. तोच तो अंगठा. नखाची बारीक कडसुद्धा उमटलेली होती.

मुलीच्या लक्षात येऊ नये म्हणून मी नजर दुसरीकडे वळवली. तिने आपला अंगठा त्या खळग्यात ठेवला. तो आत सैल बसला.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "मी रोज पाहत होती."

"नसेल मोडायचा तर राहू दे," मी म्हटलं. "आपण नवीन आणू."

"वाळून भुगा झाला तर हा ठसाही जाईल ना." तिने दोन्ही हातांनी गोळा दाबला.

तो कडक झाला होता. कडेने भेगा पडत होत्या, तुकडे सुटत होते. ती जोर लावत होती, ओठ घट्ट मिटून. आबांच्याने पाहवेना. "पान्याचा हात लाव वं माय. चिरा पडून राहिल्या. माती अशी झाली का मी पानीच लावतो."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. "मावशी, आई पाणी लावायची का?"

मी त्या खुर्चीत किती उन्हाळे बसले होते. मला टेबलावरची पाण्याची वाटी आठवली, तिच्यातला बारीक ब्रशही आठवला. मी म्हटलं, "हो, लावायची."

अगदी खात्रीने म्हटलं.

तिने वाटीत बोटं बुडवली. आधी भेगा बुजल्या, आणि आबा म्हणाले, "पाह्य, झालं." तिने आणखी पाणी घेतलं. मग गोळा चकाकू लागला, हाताला चिकटू लागला. पाहता पाहता तिच्या बोटांमधून पांढरे ओघळ उतरले आणि ताटलीत एक चिकट, पसरट ढीग राहिला. साखर पाण्यात विरघळते. घरातल्या शिकलेल्या बाईला एवढं कळायला हवं होतं. काळ्या मातीला पाणी जीव देतं. साखरेचा पाण्याने जीव गेला.

भाची हात तसेच वर धरून बसली. रडली नाही.

आबा हळूच म्हणाले, "माह्यं चुकलं वं."

"नाही आबा," मी म्हटलं. "तिने मला विचारलं होतं. मला माहीत नव्हतं आणि मी हो म्हटलं. मी वाटी पाहिली होती. ती कशासाठी होती ते पाहिलं नव्हतं. वाचत होते मी."

"ती चिकटवायले असते," भाची ताटलीकडे पाहत म्हणाली. "कान चिकटवायले. ब्रशचं एक टोक फक्त." मग म्हणाली, "आई म्हणे, मावशीले खरा हत्ती दिला ना, तर ती त्याच्याखाली सावलीत बसून पुस्तक वाचंन."

मला हसू आलं आणि पुढे ते हसू राहिलं नाही. भाची माझ्याकडे पाहत होती. तेवढ्यात तिच्या भावाने ताटलीत बोट घालून चाटलं.

"गोड हाय!"

"ए! खाऊ नको!" ती एकदम उठली. "आईचं आहे ते!"

"मंग आईनं मलेपन केलं अस्तं ना," तो म्हणाला, आणि दुसरं बोट घातलं.

तिने ताटली ओढून छातीशी धरली. उभी राहून विचार करत राहिली. मग ओट्याकडे वळून म्हणाली, "मावशी, पिठीसाखर कुठे आहे? चाळणी पण लागंन. पातळ झालं तर आई साखर घालायची." थोडं थांबून तिनेच पुढे म्हटलं, "निम्मं नवीन होईल."

"होईल," मी म्हटलं.

डब्यातली पिठीसाखर कमी होती, म्हणून मी मिक्सरमध्ये आणखी दळली, दोन चमचे कॉर्नफ्लॉवर घालून चाळली. ती चिमटी-चिमटीने त्या ढिगात मिसळत गेली. आबा चाळणी धरून बसले. बरंच झाल्यावर ती म्हणाली, "आता हाताला तूप लावायचं. थोडंच."

"तूप?" आबांची मान वर झाली. "खांदमळनीले बैलाच्या खांद्याले हळद-तूप लावतो, तसं?"

"हाव आबा. पण हळद नको."

तुपाच्या हाताने तो गोळा एक झाला. आधीइतका पांढरा नव्हता, किंचित पिवळसर. पहिला बैल तिने केला. दुसरा मी. तिने मला शिकवलं: लोळी अशी नाही, जाड, पायात आधी टूथपिक, वशिंड चिमटीने वर ओढायचं. मला चाळीस वर्षांत कुणी इतक्या कडकपणे शिकवलं नव्हतं. माझ्या बैलाचं तोंड लांबलं. तिच्या भावाने वाकून पाहिलं आणि जाहीर केलं, "हे डुक्कर हाय."

"गप रे. मावशी, कान खाली घे. डोळे अजून नको लावू."

मी कान खाली घेतले. वशिंड दुसऱ्यांदा केलं. तिने दोन्ही बैल ताटाच्या कडेला शेजारी ठेवून पाहिले, आणि मगच तीळ दिले. शेवटचा डोळा लावल्यावर कुणी काही बदललं नाही. माझा बैल जरा तिच्या बैलाकडे कललेला राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी खोलीतून बाहेर आले तेव्हा केकवर जोडी उभी होती. ते बराच वेळ टेबलाशी थांबले. "हे हिच्या..." एवढं म्हणाले. भाची म्हणाली, "निम्मं. निम्मी साखर मावशीने दळली." त्यांनी मान हलवली आणि स्वतः जाऊन सुरी आणली. मेणबत्त्या नव्हत्या, गाणंही झालं नाही. आबांनी मातीची जोडी पिशवीत घातली, शेतातल्या नाल्याच्या पाण्यात शिरवायला. साखरेच्या जोडीतला माझा बैल धाकट्याने खाल्ला, आधी कान, मग टूथपिक काढून पाय. भाचीने आपला बैल बाबांना दिला. त्यांनी तो तसाच हातात धरून ठेवला.

परतीच्या बससाठी मी बॅग भरत होते. भाची कपाटातून डबा घेऊन आली. बैल करून उरलेला गोळा तिने नव्या प्लास्टिकमध्ये घेतला होता, लिंबाएवढा. गुंडाळण्याआधी तिने त्यावर अंगठा दाबला, उचलून खळगा पाहिला, आणि मग पदरावर पदर चढवत प्लास्टिक बंद केलं.

"हा पण वाळेल ना?" तिने विचारलं.

"वाळेल," मी म्हटलं.

"मग दिवाळीच्या आधीच ये," ती म्हणाली. "आणि पुस्तक नको आणू."