न आटलेलं दूध

भाईंदर पूर्वेच्या एका नर्सिंग होममध्ये मी नर्स होते. एका दुपारी पलंगावरची चादर गोळा करताना बोटात सुई घुसली. वापरलेली सुई कोणीतरी चादरीतच विसरलं होतं. ती कोणाला टोचलेली, हे कळायला मार्ग नव्हता. लगेच रक्त तपासलं, एचआयव्ही निगेटिव्ह आलं. लागण होऊ नये म्हणून महिनाभराच्या गोळ्याही सुरू झाल्या.

नवरा रिपोर्ट बघून म्हणाला, "निगेटिव्ह आहे ना? मग कशाला टेन्शन घेतेयस?"

"अरे, लागण झाली असली तरी इतक्या लवकर दिसत नाही. पक्कं तीन महिन्यांनीच कळेल."

मुलगी सात महिन्यांची, अंगावर पिणारी. डॉक्टर म्हणाले, धोका फार कमी आहे, पण तोवर पाजायचं की नाही ते तुम्ही ठरवा. ठरवा म्हणे! मी पाजणं थांबवलं, बाटली सुरू केली.

सासूबाईंना खरं सांगायची हिंमत झाली नाही. हाटकेशच्या आमच्या दोन खोल्यांत त्या रोगाचं नाव काढलं असतं, तर माझी ताटवाटीही वेगळी झाली असती, अशी धास्ती होती. म्हणून सांगितलं, "आई, दूध आटलं."

त्या लगेच आळिवाचे लाडू वळायला बसल्या. दूध वाढावं म्हणून बाळंतिणीला देतात, तेच. मी मुकाट्याने खाल्ले. पुढे कधी पाजायचं तर दूध चालू राहायला हवं होतं, म्हणून बाथरूमचा नळ मोठा सोडून मी रोज ते पिळून टाकायचे. बाहेर मुलगी रडायची आणि मी दूध मोरीत ओतायचे. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

एकदा तिच्या रडण्याने माझा गाऊन पुढून भिजला. सासूबाईंनी पाहिलं.

"आटलंय म्हणालीस ना? मग हे काय? पोरीला उपाशी ठेवून फिगर सांभाळतेयस?"

मी गाऊन बदलायला आत गेले. त्या दिवसापासून लाडू बंद झाले. बाटली त्याच देऊ लागल्या, माझ्याकडे पाठ करून.

मधली तपासणीही निगेटिव्ह आली. नवरा पेढे आणायला निघाला, तर मी त्याच्यावर खेकसले. अजून शेवटची बाकी होती.

तीही निगेटिव्ह आली. शेअर रिक्षात मला रडू आवरेना. शेजारची बाई घाबरली, "क्या हुआ?"

"कुछ नहीं, अच्छा हुआ," म्हणाले.

घरी येऊन हात धुतले, मुलीला मांडीवर घेतलं आणि छातीशी लावलं. तिने एकदा तोंड लावलं, सोडलं, माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं. मी पुन्हा जवळ घेतलं, तशी ती किंचाळली आणि आजीकडे झेपावली.

सासूबाईंनी तिला उचललं.

"आता कशाला?" म्हणाल्या, आणि बाटली भरायला आत गेल्या.