शेवटच्या नळाचं पाणी

आमच्या जीपमध्ये रोज पाण्याच्या बाटल्या भरून येतात आणि संध्याकाळी लॅबमध्ये रिकाम्या होतात. किस्से मात्र कुणी रिकामे करत नाही, ते साचत जातात. सांगायला थोडी लाज वाटते, कारण बहुतेकांत मी घाबरलेला असतो. तरी सांगतो.

*

भाऊ चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात फिटर होता, म्हणून साताऱ्याकडून मीही चेन्नईला आलो. शाळा आठवीतच सुटलेली. महापालिकेच्या पर्यावरण आरोग्य इंजिनिअर मॅडमना नळाचं पाणी तपासायला कंत्राटी माणूस हवा होता. मॅडम तंजावरच्या मराठी घरातल्या. शिक्षण बी.ई. सिव्हिल, वर एम.ई.! मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेलाची.

"किती शिकलास?"

"आठवी. तीही नापास."

"भीती वाटते काय रे?"

खोटं बोलायचंही धाडस नव्हतं. "खूप वाटते, मॅडम."

"बरं झालं. न भिणाऱ्याने तपासलेलं पाणी मी पीत नाही. उद्यापासून ये!"

*

मॅडमच्या केबिनबाहेरच्या पाटीवर 'हेल्थ' हा शब्द होता. एकदा एक आजोबा आत आले आणि खुर्चीत बसून थेट जीभ बाहेर काढली.

"आजोबा, मी डॉक्टर नाही. इंजिनिअर आहे."

आजोबा चिडले. "मग पाटीवर हेल्थ कशाला लिहिलंय?"

"तुम्हाला डॉक्टरकडे जावं लागू नये म्हणून!"

आजोबांनी जीभ आत घेतली. "ते ठीक. पण खोकल्याचं काय?"

*

अंबत्तूरला एक गटार तुंबलं. कंत्राटदाराने एका माणसाला मॅनहोलमध्ये उतरायला उभं केलं होतं. "दोन मिनिटांचं काम, मॅडम!" आतल्या गॅसने माणूस मरतो, हे त्या बिचाऱ्यालाही ठाऊक होतं. तो देवाचं नाव घेत होता. उतरायचं त्याला होतं, तरी मीही घेऊ लागलो!

मॅडमनी झाकण लावायला सांगितलं, चहावाल्याकडून खुर्ची मागवली आणि झाकणावर ठेवून बसल्या. "गटार उपसायची मशीन येईपर्यंत मी इथेच."

"मशीन दुपारी येईल, मॅडम."

"मग छत्रीही आणा."

मशीन अर्ध्या तासात आली!

*

माझी टेस्ट सोपी. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन आहे. रंग आला नाही तर जंतू मारायला पाण्यात काहीच नाही. लाइनच्या शेवटच्या नळापर्यंत क्लोरीन पोचतं की नाही, ही कायमची धास्ती. म्हणून मॅडमची एक पद्धत होती. महिन्याच्या शेवटी माझ्या वहीवर सही करण्याआधी त्या एखाद्या वस्तीत जायच्या आणि शेवटच्या नळाचं पेलाभर पाणी लोकांसमोर प्यायच्या.

आमचा ड्रायव्हर सेल्वम म्हणायचा, "मॅडमच्या पोटात अख्खं चेन्नई आहे!"

*

त्या उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड यायचं, करंगळीएवढी धार. एका गल्लीत शेवटच्या नळावर पुष्पाम्मा नावाची म्हातारी प्लास्टिकची घागर लावून बसलेली. मी नळी पुढे केली. तिने माझं मनगटच धरलं.

"एवढंसं येतंय, त्यातलंही तू नेतोस?"

बायका भोवती जमल्या. नळी पडून फुटली. मी पळालो!

सेल्वम मला तम्बी म्हणायचा, म्हणजे धाकटा भाऊ. म्हणाला, "तम्बी, सँपल कुठाय? की तूच सँपल?"

त्यानंतर मी त्या गल्लीत अलीकडच्या नळावरूनच परतायचो. तिथे पिवळं आलं की वहीत दोन्ही नळांपुढे 'पिवळं' लिहायचो. मध्ये वीस पावलं. वीस पावलांत काय बिघडणार!

*

महिना संपला. मॅडमनी वही पाहिली आणि जीप नेमकी त्याच गल्लीत वळवायला सांगितली.

बायका उभ्या होत्या. मॅडमनी शेवटच्या नळाखाली स्टीलचा पेला धरला, भरला, ओठांशी नेला. बोललो तर नोकरी जाणार. नाही बोललो तर त्या पिणार.

"मॅडम, नको!"

पेला थांबला. "का रे?"

"या नळावर मी आलोच नाही. महिनाभर. वहीत खोटं आहे."

गल्लीत मराठी कळणारे आम्ही दोघंच. मॅडमनी पेला खाली ठेवला आणि माझ्या पेटीतली नळी काढली. पाणी, थेंब. रंग आला नाही.

"आता हेच यांना सांग. तमिळमध्ये."

मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सांगितलं. पुष्पाम्मा एवढंच म्हणाली, "माझ्या नातवाला कालपासून जुलाब होतायत."

मॅडमनी पोराला जीपमधून दवाखान्यात पाठवलं. नळ बंद केला, गल्लीत टँकर लावला. खणल्यावर त्याच वीस पावलांत, गटाराशेजारी, पाइपचा जोड फुटलेला सापडला; गटाराचं पाणी त्यातून आत शिरत होतं. दुरुस्ती होईपर्यंत तीन दिवस मी त्या खड्ड्याजवळच बसून होतो. मला कुणी काढूनही टाकलं नाही आणि कुणी बोललंही नाही.

चौथ्या दिवशी नळ सोडला. मी टेस्ट केली. पिवळं! मॅडमनी पेला भरला आणि माझ्यापुढे धरला.

"कुणी तपासलं?"

"मी."

"वहीत कुणी लिहिलं?"

"मी."

"मग?"

मी प्यायलो. समोर पुष्पाम्मा, कडेवर सुकलेला नातू. तिने पुढे येऊन माझ्या हातातली नळी काढून घेतली, ओतून टाकली, नळाखाली धरून स्वतः भरली आणि परत माझ्या हातात दिली.

"पुन्हा कर. माझ्यासमोर."